नायजरमधलं कुपोषण आणि ९२ ग्रॅमचं पाकीट

नायजर हा पश्चिम आफ्रिकेतला समुद्रकिनारा नसलेला देश. बराचसा भाग सहारा वाळवंटात गेलेला, आणि लोक राहतात ते दक्षिणेच्या पट्ट्यात. मुख्य पीक बाजरी. पेरणी पहिल्या पावसावर, जूनच्या आसपास, कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. मधले चार महिने गेल्या वर्षीची कोठी रिकामी झालेली असते आणि नवं धान्य शेतात उभं असतं. बाजारात बाजरीचा भाव याच काळात सर्वांत चढा, हिवतापाचे डासही याच काळात सर्वांत जास्त, आणि आई दिवसभर शेतात खुरपणीला. या चार महिन्यांना तिथे फ्रेंचमध्ये ‘सुद्युर’ म्हणतात, म्हणजे जुन्या आणि नव्या पिकाला जोडणारा सांधा. मराडी, झिंदेर, ताहुआ या दक्षिणेच्या प्रांतांत पाच वर्षांखालच्या मुलांचे दंड याच काळात बारीक होत जातात.

परदेशी मदत म्हटली की धान्याची पोती आणि ट्रक डोळ्यांपुढे येतात. पण अतितीव्र कुपोषित मुलाला धान्याने वाचवता येत नाही. त्याला उपचार लागतो आणि तो उपचार गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पूर्ण बदलला आहे. तो कसा चालतो आणि कुठे अडतो, ते क्रमाने पाहू.

आधी एक घोळ मिटवू. कुपोषण एकाच तऱ्हेचं नसतं. वयाच्या मानाने उंची कमी असणं म्हणजे खुजेपणा. तो अनेक महिने, वर्षं पुरेसं न मिळाल्याने येतो आणि पटकन भरून निघत नाही. उंचीच्या मानाने वजन कमी असणं म्हणजे लुकडेपणा. तो काही आठवड्यांत येऊ शकतो: एक जुलाबाचा आजार, एक हिवतापाचा झटका, घरात एकच वेळचं जेवण. लुकडेपणा फार वाढला की त्याला अतितीव्र कुपोषण म्हणतात. आपल्याकडे अंगणवाडीत ज्याला ‘सॅम’ म्हणतात तेच. अशा मुलाच्या मृत्यूचा धोका नीट पोसलेल्या मुलापेक्षा सुमारे दहापट असतो. बहुतेकदा ते मूल भुकेने जात नाही, तर धडधाकट मुलाने सहज पचवला असता अशा न्यूमोनियाने किंवा जुलाबाने जातं. या लेखात जे पाकीट आहे, म्हणजे शेंगदाणे, दूध पावडर आणि साखरेची औषधी पेस्ट, ते फक्त लुकडेपणासाठी आहे.

मूल शोधायचं साधन म्हणजे एक रंगीत पट्टी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाचा घेर मोजायचा. ११५ मिलीमीटरच्या खाली लाल, ११५ ते १२५ पिवळा, त्याच्या वर हिरवा. एवढंच. वयाचा दाखला नको, वजनकाटा नको. मोजताना कोपर काटकोनात दुमडून खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर खूण करायची, मग हात सैल सोडायचा आणि खुणेवर पट्टी गुंडाळायची. चुका ठरलेल्या आहेत. पट्टी आवळली की निरोगी मूल लाल दिसतं, ढिली ठेवली की लाल मूल पिवळं होऊन घरी जातं. दोन-तीन मिलीमीटरचा फरक इथे निर्णय बदलतो, आणि रडणारं, हात ताठ करणारं मूल समोर असतं. आपल्या अंगणवाडी सेविकांना हे वेगळं सांगायला नको; हीच पट्टी, हाच साडेअकरा सेंटीमीटरचा आकडा त्यांच्याही हातात आहे.

झिंदेर प्रांतातल्या मिरिया भागात ‘अलिमा’ या वैद्यकीय संस्थेने ही पट्टी थेट आयांच्याच हातात दिली. अक्षरओळख नसली तरी रंग कळतो. आयांनी केलेली मोजणी आरोग्यसेवकांच्या मोजणीच्या जवळपास निघाली. फायदा साधा होता: गावात महिन्याकाठी कधीतरी येणाऱ्या सेवकाची वाट पाहावी लागेना, मुलं लवकर सापडू लागली, म्हणून दवाखान्यात भरती करावी लागणारी कमी झाली. एवढ्या स्वस्तात एवढं काम करणारं दुसरं साधन या क्षेत्रात दाखवणं अवघड आहे.

पट्टीतून एक प्रकार मात्र निसटतो. काही मुलांच्या अंगावर सूज येते आणि ती गुबगुबीत दिसतात. म्हणून दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून पाहायचं. दोन्हीकडे खड्डा राहिला तर दंडघेर कितीही असो, ते मूल अतितीव्र कुपोषितच. एकाच पायाला सूज असेल तर कारण दुसरं शोधायचं.

मूल सापडल्यावर पहिला प्रश्न असा की याला घरी ठेवून बरं करता येईल का? त्यासाठी भूक-चाचणी. आई हात धुते, शांत कोपऱ्यात बसते, मुलाला पाकिटातली पेस्ट भरवते आणि सोबत पाणी देते. अर्ध्या तासात वजनानुसार ठरलेली किमान मात्रा मुलाने आपणहून खाल्ली तर पास. जबरदस्ती करायची नाही. चाचणी वेळखाऊ आहे, म्हणून रांग लांब असली की ती गाळली जाते आणि हीच सर्वांत महागात पडणारी घाई. मूल खात नाही याचा अर्थ बहुतेकदा आत जंतुसंसर्ग आहे किंवा यकृत, आतडी थकली आहेत. मुलाला भूक आहे, ताप-धाप-ग्लानी काही नाही, तर नायजरच्या बाह्यरुग्ण केंद्रात नाव लागतं. तिथे त्याला ‘क्रेनास’ म्हणतात. भूक नाही, उलट्या थांबत नाहीत, खूप सूज आहे, अंग गार पडलंय, तर रुग्णालयातलं ‘क्रेनी’. बहुसंख्य मुलं पहिल्या गटातली असतात.

क्रेनीमध्ये पहिल्या दिवशी भरपेट का खाऊ घालत नाहीत, हे नातेवाइकांना कळत नाही, आणि कळू नये हे साहजिकच आहे. उपाशी शरीर काटकसरीने चालतं. पेशींच्या भिंतीतले सोडियम-पोटॅशियमचे पंप मंदावतात, पोटॅशियम घटतं, सोडियम पेशीत साठतं, हृदयाचा स्नायू पातळ होतो, मूत्रपिंडं जादा मीठ-पाणी बाहेर टाकू शकत नाहीत. अशा वेळी एकदम भरपूर प्रथिनं, मीठ किंवा शिरेतून सलाइन गेलं तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून सुरुवात ‘एफ-७५’ या पातळ दुधाने होते: १०० मिलीत ७५ कॅलरी, प्रथिनं एका ग्रॅमपेक्षाही कमी. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. रात्रीची पाळी चुकली की पहाटे रक्तातली साखर घसरते आणि अंग थंड पडतं. असे मृत्यू वॉर्डात पहाटेच्या सुमाराला होतात आणि ते टाळता येण्यासारखे असतात. भूक परतली, सूज उतरू लागली की दोन-तीन दिवसांत मूल पेस्टवर येतं आणि उरलेला उपचार घरी.

‘घरी’ हा शब्द १९९० च्या दशकापर्यंत या उपचारात नव्हता. तेव्हा उपचार म्हणजे ‘एफ-१००’ हे दाट औषधी दूध. ते पावडरीपासून उकळलेल्या पाण्यात कालवायचं, आणि काही तासांत संपवलं नाही तर जंतूंना मेजवानी. घरी देणं अशक्य, कारण विहिरीचं पाणी गढूळ. त्यामुळे शेकडो मुलं मोठ्या तंबूंत महिनाभर राहायची, एकमेकांचे गोवर-जुलाब घ्यायची, आणि घरी बाकीची चार भावंडं आईवाचून. कित्येक आया मधूनच उठून निघून जायच्या. त्यांचं गणित चुकीचं नव्हतं.

१९९६ च्या सुमारास फ्रेंच बालरोगतज्ज्ञ आंद्रे ब्रियां आणि ‘न्यूट्रिसेट’ कंपनीचे मिशेल लेस्कान यांनी त्याच दुधाचं तेलकट पेस्टमध्ये रूपांतर केलं. मूळ कृती अशी: दूध पावडर सुमारे ३० टक्के, साखर २८, शेंगदाण्याचं लोणी २५, तेल १५ आणि उरलेलं दीड टक्का जीवनसत्त्वं-क्षारांचं मिश्रण. बघायला गेलं तर आपल्या शेंगदाण्याच्या लाडवाचाच चुलतभाऊ. पण ते दीड टक्का मिश्रण आणि दूध काढलं तर तो लाडूच उरतो, औषध राहत नाही. युक्ती पाण्यात आहे, म्हणजे पाणी नसण्यात. ओलावा अडीच टक्क्यांच्या आत. दूध-साखरेचे बारीक कण तेलाने वेढलेले, म्हणून जंतूंना वाढायला पाणीच मिळत नाही. शिजवायचं नाही, कालवायचं नाही, फ्रिज नको, बंद पाकीट दोन वर्षं टिकतं. एका पाकिटात ९२ ग्रॅम आणि ५०० कॅलरी.

नायजरमध्ये याची मोठी कसोटी २००५ मध्ये लागली. आदल्या वर्षी टोळधाड आणि अपुरा पाऊस, वर बाजरीचे चढे भाव. ‘सीमापार डॉक्टर’ संघटनेने त्या वर्षात सुमारे ६० हजार अतितीव्र कुपोषित मुलांवर उपचार केले, बहुतेकांवर घरी ठेवून. तंबूंच्या पद्धतीत हा आकडा शक्यच नव्हता. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांनी घरच्या उपचाराला एकत्रित मान्यता दिली.

आता एका मुलाचा हिशेब. सहा किलोचं मूल, जुन्या आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी चालणाऱ्या तक्त्याप्रमाणे दिवसाला अडीच पाकिटं, आठवड्याला १८. साडेचार किलोचं असेल तर दिवसाला दोन, आठ किलोचं असेल तर तीन. पहिल्या दिवशी अ‍ॅमॉक्सिसिलिनचा कोर्स सुरू होतो, हिवतापाची तपासणी होते, गोवराची लस झाली नसेल तर ती दिली जाते. मग आई १८ पाकिटं घेऊन घरी जाते आणि पुढच्या आठवड्यात त्याच वारी परत येते. वजन, दंडघेर, सूज, भूक, पुन्हा पाकिटं. वजन रोज किलोमागे तीन ते पाच ग्रॅम वाढलं तर ठीक, म्हणजे आपलं मूल आठवड्याला सव्वाशे ते दोनशे ग्रॅम भरायला हवं. दंडघेर सलग दोन भेटींत १२५ च्या वर राहिला आणि सूज नसली की सुट्टी. साधारण सहा ते आठ आठवडे. आठ आठवड्यांची १४४ पाकिटं होतात, आणि एका खोक्यात १५० असतात. म्हणूनच या क्षेत्रातले लोक ‘एक मूल, एक खोका’ असाच हिशेब धरतात.

आईला सांगायच्या गोष्टी मोजक्या, पण प्रत्येकीमागे कारण आहे. उकाड्यात तेल वर येतं, म्हणून पाकीट फोडण्याआधी चांगलं मळून घ्यायचं. नाहीतर मूल आधी नुसतं तेल खातं आणि खालचा गोळा टाकून देतं. अंगावर पाजत असाल तर आधी दूध, मग पेस्ट, मग घरचं जेवण. थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा. पेस्ट दाट आहे, तहान लागते, स्वच्छ पाणी जवळ हवं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ती द्यायचीच नाही.

बिघडतं कुठे? वजन वाढत नाही याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे पाकीट वाटून खाल्लं जातं. घरात तीन भुकेली भावंडं असताना एकालाच गोड पेस्ट भरवणं कुठल्याही आईला जड जाईल. तिला रागावून काही होत नाही. जिथे कुटुंबासाठी वेगळं धान्य किंवा रोख रक्कम दिली जाते तिथे हा प्रश्न हलका होतो, पण ती मदत बहुतेकदा दुसऱ्या संस्थेच्या दुसऱ्या यादीत असते आणि दोन याद्या जुळत नाहीत. दुसरं कारण लपलेला आजार, विशेषतः क्षयरोग. सलग तीन आठवडे वजन हललं नाही तर घरभेट किंवा रुग्णालय, असा नियम आहे.

तिसरी अडचण गैरहजेरी. केंद्र दूर, पाऊस पडला की वाट पाण्याखाली, आणि हेच खुरपणीचे दिवस. एक दिवस केंद्रावर गेला म्हणजे एक दिवसाचं रान राहिलं. आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे बरी होणारी मुलं ७५ टक्क्यांहून जास्त, मृत्यू १० टक्क्यांच्या आत आणि मधूनच सोडून जाणारी १५ टक्क्यांच्या आत हवीत. अहवालात पहिला आकडा ठळक छापतात. खरं बघायचा तो तिसरा. त्यासोबत चौथा, जो पुष्कळदा अहवालात नसतोच: त्या भागातल्या एकूण आजारी मुलांपैकी किती कार्यक्रमात आली? ग्रामीण भागात निम्म्याहून जास्त यावीत अशी अपेक्षा आहे. आलेल्यांतली ९० टक्के बरी झाली आणि आली मात्र पाचातली एक, तर ते यश कागदावरचंच.

चौथी आणि सर्वांत संतापजनक अडचण म्हणजे केंद्रावर पाकिटंच नसणं. आई दहा किलोमीटर चालून येते आणि निम्मी मात्रा घेऊन किंवा रिकाम्या हाताने परतते. पुढच्या आठवड्यात ती येत नाही, आणि नोंदवहीत ते तिच्या खात्यावर ‘गैरहजर’ म्हणून पडतं.

पाकिटं का संपतात हे समजण्यासाठी खोका उचलून बघावा लागतो. एका खोक्यात नुसती पेस्टच १३.८ किलो. दहा हजार मुलांसाठी १३८ टन. एका खोक्याची किंमत साधारण ४० ते ५० डॉलर. जगातल्या एकूण पेस्टपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक एकटं युनिसेफ विकत घेतं. फ्रान्स, अमेरिका, आफ्रिकेतले काही देश आणि भारतातल्या कारखान्यांतूनही. नायजरला बंदर नाही, त्यामुळे बराच माल शेजारच्या बेनिनमधल्या कोतोनू बंदरात उतरून ट्रकने मालांव्हिलच्या पुलावरून नायजर नदी ओलांडतो आणि राजधानी नियामेला येतो, सुमारे हजार किलोमीटर. २६ जुलै २०२३ रोजी नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली. शेजारी देशांनी निर्बंध घातले, सीमा बंद झाली आणि ऐन सुद्युरच्या काळात पोषणाचा माल सीमेपलीकडे अडकला. निर्बंध फेब्रुवारी २०२४ मध्ये उठले, तरी नायजरने बेनिनकडची सीमा बंदच ठेवली. मग टोगोच्या लोमे बंदरातून बुर्किना फासोमार्गे लांबचा आणि सशस्त्र गटांच्या टापूतून जाणारा रस्ता.

मग नायजरमध्येच का बनवत नाहीत? बनवतात. नियामेत ‘एसटीए’ नावाचा कारखाना ही पेस्ट तयार करतो. भुईमूग तिथे पिकतो. पण दूध पावडर आणि जीवनसत्त्वांचं मिश्रण बाहेरून आणावं लागतं, त्यात भांडवल महिनोन्‌महिने अडकतं, आणि कर्जाचं व्याज फ्रान्सच्या कारखान्यापेक्षा कितीतरी जास्त. शिवाय भुईमुगाचा जुना शत्रू, अफ्लाटॉक्सिन. शेंगा नीट वाळल्या नाहीत किंवा दमट जागी साठवल्या की त्यांवर बुरशी येते आणि ती यकृताला घातक विष सोडते. भाजल्याने ते पुरतं जात नाही. पेस्टमध्ये त्याची मर्यादा फार कडक. त्यामुळे स्थानिक शेतकऱ्याचा माल कधी कधी दारातूनच परत जातो. तरीही २०२३ सारख्या प्रसंगात देशातला कारखाना किती मोलाचा हे वेगळं सांगायला नको, जरी त्यालाही कच्चा माल त्याच बंद सीमेवरून हवा असतो.

आणि पैसा. मागणी नोंदवली की उत्पादन, तपासणी, जहाज, बंदर, ट्रक, प्रांताचं गोदाम, जिल्हा, केंद्र यात कित्येक महिने जातात. जूनमध्ये केंद्रावर पाकीट हवं असेल तर पैसा आदल्या वर्षाच्या अखेरीला हातात पाहिजे, जेव्हा नुकती कापणी झालेली असते आणि कोणाला दुष्काळ दिसत नसतो. देणग्या येतात ऑगस्टमध्ये, हाडं दिसणाऱ्या मुलांचे फोटो आल्यावर. त्या पैशाची पेस्ट पोचते तेव्हा शेतात नवी बाजरी तयार झालेली असते. लवकर आणायची तर विमानाने, आणि मग भाड्यापायी तेवढ्याच पैशात मुलं कमी. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि १ जुलैला तिची ‘यूएसएड’ संस्था औपचारिकपणे बंद झाली. या पेस्टसाठी सर्वांत जास्त पैसा तिथूनच यायचा. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड आणि जॉर्जिया राज्यांतल्या कारखान्यांत तयार खोकी पडून राहिली. पेस्ट होती, मुलंही होती. मधला करारच नव्हता.

म्हणून तोच माल जास्त मुलांना पुरवण्याचे प्रयत्न चालू आहेत. एक मार्ग असा की वजनाच्या तक्त्याऐवजी फक्त दंडघेर पाहायचा, आणि तो जसा वाढेल तशी मात्रा कमी करत जायची. बुर्किना फासो, काँगो आणि नायजरमध्ये अशा पद्धती तपासल्या गेल्या, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनीही मूल सावरल्यावर मात्रा उतरवायला वाव दिला. फायदा उघड आहे. धोका असा की सर्वांत अशक्त मुलासाठी ‘पुरेसं’ म्हणजे किती, हे तुटवड्याच्या काळात गोदामाचा शिल्लक साठा ठरवू लागतो.

या पाकिटावर आक्षेपही आहेत आणि त्यातला मोठा वाद भारतातच झाला. २००९ मध्ये बिहार आणि मध्य प्रदेशात युनिसेफने आणलेली पेस्ट केंद्र सरकारने थांबवायला लावली. परदेशी कारखान्याचं पाकीट घरच्या आहाराची जागा घेईल, ही भीती होती. भारतासारख्या देशात, जिथे अंगणवाडी आहे, धान्याची कोठारं आहेत, तिथे ती भीती अनाठायी नाही. पण मराडीच्या एखाद्या गावात जुलैमध्ये घरचा आहार म्हणजे बाजरीची पातळ पेज, तीही दिवसातून एकदा. तिथे पर्यायच नाही.

पेस्ट काय करत नाही हेही तेवढंच नेमकं सांगता येतं. बरं झालेलं मूल त्याच घरात, त्याच पाण्याकडे, त्याच डासांत परत जातं आणि काही महिन्यांत पुन्हा लाल पट्टीत येऊ शकतं. त्यावरचे उपाय वेगळे आहेत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दर महिन्याला हिवताप-प्रतिबंधक गोळ्या देणं हा त्यातला एक, नायजरमध्ये तो चालूही आहे. त्या गोळ्या वाटायला गेलेला सेवक दाराशी उभा असतो, मूल समोर असतं. तेव्हाच दंडाला पट्टी लावून घेतली तर मूल शोधायचा वेगळा खर्चच पडत नाही.